नळावर गेलेलं नाव

 

आम्ही नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या ख्रिस्ती महिला मंडळाच्या बाया बोलतोय. आम्ही एकवीस जणी आहोत. आवाज एकीचा असला तरी काय सांगायचं ते सगळ्यांनी बसून ठरवलंय, म्हणून 'आम्ही' म्हणतो. ज्या दोघींची ही गोष्ट आहे, त्या दोघींना आधी वाचून दाखवली. एकीनं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. दुसरीनं एक वाक्य घालायला लावलं, ते घातलं. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही. एकीला मावशी म्हणू, दुसरीला काकू. आम्ही त्यांना रोज तसंच म्हणतो.

सेवा, क्षमा आणि नम्रता हे तीन शब्द आम्ही लहानपणापासून ऐकतो. उपासनेत ऐकतो, लग्नात ऐकतो, मयतीला ऐकतो. इतके ऐकलेत की कानाला गुळगुळीत झालेत. पण गेल्या वर्षी या तीन शब्दांनी आम्हाला चांगलंच कोड्यात टाकलं. ही गोष्ट चर्चमधली असली तरी तुमच्या बचत गटात, भजनी मंडळात, भावकीत असंच काही घडलेलं असेल. म्हणून ऐका.

आमच्याकडे बाजरी घरात आली की उपकारस्तुतीचा सण असतो. देवानं पीक दिलं म्हणून ज्याच्या घरी जे असेल ते तो आणतो. कुणी पायलीभर बाजरी, कुणी भोपळा, कुणी अंडी, कुणी कोंबडी, कुणी केळीचा घड. उपासना झाली की या वस्तूंचा लिलाव होतो. त्यात मोठी मजा असते. तीस रुपयांचा भोपळा तीनशेला जातो, कारण घेणाराला भोपळा नको असतो, द्यायचं असतं. गेल्या वर्षी महिला मंडळाच्या वाट्याचे 6,840 रुपये जमले. संध्याकाळी मोजले, वहीत लिहिले, डब्यात घातले आणि डबा चर्चच्या कपाटात ठेवला.

त्या कपाटाच्या किल्ल्या दोघींकडे. एक काकूंकडे, त्या मंडळाच्या खजिनदार. दुसरी मावशींकडे, कारण चर्च झाडायचं, सतरंज्या झटकायच्या, रविवारी पाणी भरून ठेवायचं हे काम बारा वर्षं त्या करत होत्या. महिन्याला थोडे पैसे ठरलेले, तेही कधी मिळायचे, कधी दोन महिन्यांचे एकदम. मावशी काही बोलायच्या नाहीत. आम्ही म्हणायचो, मावशींची सेवा मोठी आहे.

तीन रविवार गेले. प्रीतिभोजनासाठी पातेली घ्यायची ठरली. काकू तेव्हा तालुक्याला होत्या, सुनेचं बाळंतपण होतं. म्हणून मावशींच्या किल्लीनं कपाट उघडलं. डब्यात 4,340 रुपये निघाले. अडीच हजार कमी.

आता खरं सांगतो. त्या दिवशी कुणी कुणाला चोर म्हटलं नाही. नुसतं एकमेकींकडे बघितलं. मग घरी जाताना दोघी बोलल्या, संध्याकाळी नळावर चौघी बोलल्या, दुसऱ्या दिवशी गिरणीवर गावाला कळलं. बोलणं कसं होतं? 'आपण काही म्हणत नाही बाई, पण किल्ली कुणाकडं असते?' झालं. एवढंच पुरतं. पुढच्या शनिवारी आमच्यातल्या दोघी मावशींच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचं वय झालं, तुम्हाला त्रास नको, किल्ली आमच्याकडं द्या." मावशींनी पदराची गाठ सोडली, किल्ली काढून दिली. विचारलं काहीच नाही. आम्हाला वाटलं, बघा, विचारलंसुद्धा नाही, म्हणजे मनात काहीतरी आहेच.

त्या रविवारपासून मावशी चर्चला यायच्या बंद झाल्या. नाताळ गेला. मावशी नाताळलाही आल्या नाहीत. त्यांच्या घरावर चांदणी लागली नाही. आम्ही म्हणालो, मनाला लागलं असेल, येतील हळूहळू.

चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. पहिल्याच आठवड्याच्या प्रार्थना बैठकीत काकू उठून उभ्या राहिल्या आणि त्यांना बोलता येईना. मग रडत रडत सांगितलं. सुनेला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या, गाडीवाला आधी पैसे मागत होता, घरात रोकड नव्हती. चर्च घराशेजारी. काकूंनी डब्यातून अडीच हजार काढले. सकाळी भरू म्हणाल्या. सकाळ दवाखान्यात गेली, मग आठ दिवस तिकडंच गेले. परत आल्या तर गावात बोलणं झालेलं. आता सांगितलं तर आपणच चोर ठरू, म्हणून तोंड मिटलं. एक दिवस मिटलं, मग उघडताच येईना. "प्रभुभोजनाचा प्याला हातात घेतला की हात थरथरतो," असं त्या म्हणाल्या.

आम्हाला काकूंचा राग आला नाही. सुनेच्या कळा आणि बंद दार, ही वेळ कुठल्या बाईला कळत नाही? आम्ही त्यांना जवळ घेतलं. प्रार्थना केली. आणि मग आम्ही दुसरी चूक केली.

आम्ही म्हणालो, काकूंनी देवापुढं कबूल केलं, देवानं क्षमा केली, आता विषय वाढवू नका. मंडळीतल्या दोघा-तिघा वडीलधाऱ्यांचंही तेच मत पडलं. घरचं धुणं चव्हाट्यावर कशाला, चर्चची इभ्रत आहे, बाहेरचे हसतील. अडीच हजारही माफ करून टाका, बाळंतपणालाच तर लागले. मावशींच्या घरी जा, प्रार्थना करा, त्या क्षमा करतील. देवभोळी बाई आहे.

म्हणून आम्ही पाच जणी काकूंना घेऊन मावशींकडे गेलो. साडी घेतली, फळं घेतली. मावशींनी सतरंजी टाकली, चहा केला. काकूंनी सगळं सांगितलं आणि मावशींच्या पायाशी वाकल्या.

मावशींनी पाय मागं घेतले. म्हणाल्या, "पाया पडू नका. पाया पडलेलं या चार भिंतींत राहील. माझं नाव गेलं नळावर. ते तिथनं परत आणा."

साडी तशीच परत दिली. म्हणाल्या, "मला लुगड्याची अडचण नाही."

परत येताना आम्ही काय बोललो असू? हेही लपवत नाही. आमच्यातली एक म्हणाली, "केवढा ताठा! खजिनदार बाई पाया पडली तरी हिचं समाधान नाही." दुसरी म्हणाली, "ख्रिस्ती माणसानं इतकं धरून ठेवू नये." म्हणजे चोरी न केलेली बाई चार महिने चोर म्हणून जगली, आणि नम्रता कुणात कमी? तिच्यात. क्षमा कुणी करायची? तिनंच. सेवा कुणाची? ती तर बारा वर्षं तिचीच.

हे ऐकून आमच्यातली सगळ्यात लहान, नुकतीच लग्न होऊन आलेली सून म्हणाली, "ताई, तिन्ही कामं एकाच माणसाला कशी काय?"

त्या प्रश्नानं आम्ही थांबलो. मग बैठकीत बायबल घेऊन बसलो. पाळकसाहेबांना बोलावलं, तेही आमच्याबरोबर खाली बसले. मत्तयाच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय आम्ही सगळ्यांनी शंभर वेळा ऐकलाय. पेत्र विचारतो, भावानं अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? आणि येशू म्हणतो ते उत्तर सगळ्यांना पाठ आहे, साताच्या सत्तरपट. बाईला गप्प करायचं असलं की हेच उत्तर काढतात.

पण त्याच्या आधीचा भाग आम्ही कधी नीट वाचला नव्हता. तिथं क्रम सांगितलाय. भावानं तुझा अपराध केला तर आधी त्याच्याकडं एकटा जा, दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. आता आमचा क्रम बघा. आम्हाला मावशींचा संशय आला, तर आम्ही आधी नळावर गेलो, मग गिरणीवर गेलो, मग मंडळीत कुजबुजलो, आणि मावशींशी सरळ बोललोच नाही. आम्ही तो अध्याय शेवटाकडून वाचला होता.

आणि सत्तरपट क्षमेनंतरची गोष्ट? राजाची गोष्ट आहे. एका चाकराचं फार मोठं कर्ज राजा सोडून देतो, आणि तोच चाकर बाहेर जाऊन आपल्या सोबत्याला शंभर दिनारांसाठी तुरुंगात घालतो. दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. ही गोष्ट आम्ही नेहमी 'राजानं कर्ज सोडलं' इथून धरतो. पण गोष्ट सुरू होते ती राजा चाकरांचा हिशेब घ्यायला बसतो तिथून. आधी वही उघडली, आकडा सगळ्यांसमोर आला, मग राजानं तो सोडला. हिशेब न मांडता सोडला असता तर ती क्षमा झाली नसती, झाकाझाक झाली असती.

आम्हाला जे कळलं ते एवढंच. क्षमा म्हणजे वही फाडणं नाही. वहीत खरं लिहायचं, आणि मग ज्याचं नुकसान झालं त्यानं त्याच्या मनानं, त्याच्या वेळेला ते सोडायचं. त्याच्या वतीनं आपण सोडायचं नाही.

काकूंना पहिल्यांदा हे फार जड गेलं. चर्चमध्ये सगळ्यांसमोर, पुरुषांसमोर, सुनेसमोर बोलायचं? चार दिवस त्या जेवल्या नाहीत नीट. मग त्यांनीच जक्कयाचं नाव काढलं. यरीहो गावातला तो बुटका जकातदार, उंबरावर चढून बसलेला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो नुसता रडला नाही. उभं राहून सगळ्यांसमोर म्हणाला की कुणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत देतो. काकू म्हणाल्या, "माझ्यात चौपटीची ताकद नाही. पण अडीच हजार मी भरणार, माफ करू नका." महिन्याला पाचशे, पाच हप्ते ठरले. वहीत लिहिले.

पुढच्या रविवारी सूचना वाचायच्या वेळी काकू पुढं आल्या. चारच वाक्यं बोलल्या. पैसे मी घेतले. मी गप्प बसले. मावशींचा काडीचा दोष नाही. मला क्षमा करावी. त्यांच्यामागून आम्ही मंडळाच्या सगळ्या जणी उभ्या राहिलो आणि आमचं सांगितलं की पैसे काकूंनी घेतले, पण नाव आम्ही घालवलं. किल्ली आम्ही काढून घेतली. चौकशी केली नाही. काकूंची चूक एका रात्रीची होती आणि आमची चार महिन्यांची.

चर्च एकदम शांत झालं. कुणी हसलं नाही. इभ्रत जाईल म्हणून जे वडीलधारे घाबरले होते, त्यांतलेच एक बाहेर आल्यावर म्हणाले, "आज मंडळीत बसल्यासारखं वाटलं."

पण ते सोपं होतं. अवघड होता सोमवार. कारण मावशींनी चर्चमध्ये नाव परत आणा असं म्हटलं नव्हतं, नळावर म्हटलं होतं. नळावर सगळ्या गावच्या बाया येतात. सगळ्या समाजांच्या. त्यांच्यासमोर आपल्या मंडळीची चूक सांगायची? आम्ही ठरवलं की जिनं जिथं बोललं तिनं तिथं जाऊन फिरवायचं. नळावरच्या चौघी नळावर गेल्या. एक गिरणीवर गेली. एकीनं माहेरी फोनवर सांगितलं होतं, तिनं माहेरी फोन केला. नळावर एका आजीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्यात असं कुणी परत सांगायला येत नाही बाई, गेलेलं जातं." त्यांच्या त्या एका वाक्यात कौतुकही होतं आणि दुःखही. त्यांचंही काही गेलेलं असणार.

मावशी झावळ्यांच्या रविवारी आल्या. दाराजवळच्या आपल्या नेहमीच्या जागेवर बसल्या. काकूंना "सलाम" म्हणाल्या, तेवढंच. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. आम्ही किल्ली परत दिली, सगळ्यांसमोर. त्यांनी ती पदराला बांधली.

मैत्रिणींनो, त्याच आठवड्यात पवित्र गुरुवार असतो. येशूनं शेवटच्या जेवणाच्या रात्री काय केलं ते योहानानं लिहिलंय. वरचं वस्त्र काढून ठेवलं, कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी घेतलं आणि शिष्यांचे पाय धुतले. आपल्याकडं जुन्या घरांत दारात पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतात. ते कोण देतं? सासरा देतो का? घरात जिचा मान सगळ्यात कमी ती देते. येशूनं ते काम गुरूनं करायचं काम केलं. पेत्राला ते सोसेना, तो आधी नको म्हणाला.

आम्हाला या वेळी कळलं की नम्रता वरून खाली यायची असते. जो उंच बसलाय त्यानं वाकायचं. जो आधीच जमिनीवर बसलाय त्याला आणखी वाक म्हणणं याला नम्रता शिकवणं म्हणत नाहीत. आणि वाकायचं तेही खरं. पाया पडणं एका क्षणात होतं. सूचनेच्या वेळी उभं राहून खरं बोलणं, हे काकूंचं खरं वाकणं होतं.

आता आणखी एक नाजूक गोष्ट. आमच्या नगर भागात 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक आले. पुढं खेड्यापाड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांतले पुष्कळ गावकुसाबाहेरचे होते. आमचे पणजोबा त्यांतलेच. त्यांना देवळात नव्हे, विहिरीवरही जागा नव्हती. चर्चमध्ये त्यांना एका सतरंजीवर बसायला मिळालं. पण आज आपल्याच मंडळीत कुणाचं घर मास्तरांचं, कुणाचं मजुराचं, कुणाची मूळ जात कुठली, हे कुणी बोलत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असतं. संशय मावशींकडंच का वळला? किल्ल्या तर दोन होत्या. हा प्रश्न आम्ही एकमेकींना विचारला, तेव्हा बराच वेळ कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव आपण ऐकलंय. कवी नारायण वामन टिळक 1895 साली मुंबईत ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढं नगरला त्यांच्याकडं आल्या, तरी आपलं पाणी वेगळं, चूल वेगळी. त्यांचं सोवळं एका दिवसात सुटलं नाही. हळूहळू, एकेक पायरी उतरत सुटलं, आणि त्यानंतर काही काळानं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात त्यांनी स्वतःचं हे सगळं हसत हसत लिहिलंय, स्वतःला न वाचवता. आम्हाला त्यातून एवढं घ्यावंसं वाटतं की मनातली उतरंड बाप्तिस्म्याच्या पाण्यानं आपोआप वाहून जात नाही. ती रोज थोडी थोडी उतरवावी लागते, आणि आपण कुठं चुकलो ते सांगायची लाज वाटू द्यायची नाही.

सेवेचंही तसंच. पंडिता रमाबाईंना कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हटलं होतं. त्याच रमाबाई दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांना ठेवलं. पण नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. मुलींना लिहायला शिकवलं, विणायला शिकवलं, शेती शिकवली, छापखान्यात खिळे जुळवायला शिकवले. साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल यावं म्हणून म्हातारपणापर्यंत भाषांतर करत बसल्या. आज जिची सेवा केली ती उद्या आपल्या पायावर उभी राहिली पाहिजे. आम्ही बारा वर्षं मावशींच्या सेवेचं कौतुक केलं आणि झाडू तेवढा त्यांच्याच हातात ठेवला. पैसे द्यायच्या वेळी 'सेवा आहे' म्हणालो, आणि किल्ली काढून घ्यायच्या वेळी नोकर समजलो. हे बोलायला लाज वाटते, पण तसंच झालं.

मग आम्ही काय बदललं ते सांगतो. तुमच्या गटात उपयोगी पडेल.

पहिलं, पैसे. पहिल्या मंडळीतही पैशाचं, धान्याचं भांडण झालं होतं. प्रेषितांच्या पुस्तकात लिहिलंय की ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली. तेव्हा प्रेषितांनी त्या विधवांना 'कुरकुर करू नका, नम्र व्हा' असं म्हटलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि वाटपाच्या कामाला सात चांगली माणसं निवडली. आम्हीही तसंच केलं. आता पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरांत. पेटी उघडायची तर तिघी हव्यात. अर्पण दोघी मोजतात, दोघी सही किंवा अंगठा करतात. दर बैठकीत जमा-खर्च मोठ्यानं वाचतात, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही कळतं. मावशी मोजायला बसतात. म्हणाल्या, "मला लिहिता येत नाही, पण नोट मोजताना मी चुकत नाही." आणि अडचणीसाठी हजार-दोन हजारांचा वेगळा हातखर्च ठेवलाय. रात्री दोन वाजता कुणाच्या सुनेला कळा आल्या तर तिनं दोघींना फोन करायचा आणि पैसे न्यायचे, सकाळी वहीत लिहायचं. हे आधी असतं तर काकूंवर ती पाळी आली नसती. हा नियम काकूंनीच सुचवला.

दुसरं, झाडू. मावशींचे पैसे आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या हातात पडतात, वहीत लिहून. सणाच्या आठवड्यात झाडायची पाळी लावलीय. त्यात पंचांच्या घरच्या बायाही आहेत, तरुण संघाची पोरंही आहेत. पहिल्या दिवशी पोरांनी असं काही झाडलं की सगळी धूळ बाकांवर. मावशींनी त्यांना पाणी शिंपडून कसं झाडायचं ते शिकवलं.

तिसरं, प्रीतिभोजन. करिंथ गावच्या मंडळीत काही लोक आधी जेवून घ्यायचे आणि काही उपाशी राहायचे, म्हणून पौलानं त्यांना चांगलंच सुनावलं होतं. आमच्याकडं चुलीपाशी राबणाऱ्या बाया सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं खायच्या. आता वाढायला पुरुषांची पाळी असते आणि रांधणाऱ्या पहिल्या पंगतीला बसतात. पहिल्यांदा घास उतरेना, सवय नव्हती. पेत्राला पाय धुवून घेताना जसं झालं तसंच आमचं झालं. सेवा करून घ्यायलाही शिकावं लागतं.

आणि एक शेवटची गोष्ट, हिच्यासाठीच आम्ही आज बोलायचं ठरवलं. मावशींच्या गोष्टीनंतर आम्हाला दुसऱ्या एका मुलीची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या मारानं माहेरी आली होती. आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली, सत्तरपट क्षमेचं सांगितलं आणि तिला परत पाठवलं. तिथंही हिशेब मांडलाच नाही. नवऱ्याला कुणी समोर बसवलं नाही, हात उचलणं थांबव असं कुणी सांगितलं नाही. क्षमा तिच्या एकटीच्या गळ्यात घातली. आता आम्ही तसं करणार नाही. मारणं थांबल्याशिवाय, बाई सुखरूप आहे याची खात्री झाल्याशिवाय तिला कुणी 'क्षमा कर आणि जा' म्हणू नये. मनातून राग सोडायचा का, कधी सोडायचा, हे तिचं आणि देवाचं. मार खायला परत जाणं म्हणजे क्षमा नव्हे. ऐकणाऱ्यांत अशी कुणी असेल तर 181 या नंबरावर फोन करा, तो बायांच्या मदतीसाठीच आहे. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं तक्रार करता येते. आणि जवळ मंडळ असेल तर त्यांना सांगा. मंडळानं ऐकलं नाही तर आमची ही गोष्ट त्यांना सांगा.

काकूंचे पाचही हप्ते भरून झालेत. त्या आता खजिनदार नाहीत, त्यांनीच सोडलं. पण बैठकीला येतात, पाळीला झाडतात. नातू चालायला लागलाय. मागच्या महिन्यात तो रांगत रांगत थेट मावशींच्या मांडीवर जाऊन बसला आणि मावशींनी त्याला पदरातला लिमलेटचा गोळा दिला. काकूंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत.

सुरुवातीला आम्ही म्हणालो होतो की एकीनं एक वाक्य घालायला लावलं. ते मावशींचं. आम्ही लिहिलं होतं, 'मावशींनी क्षमा केली.' त्या म्हणाल्या, "तेवढंच नका सांगू. पुढंही सांगा. माफ केलं, पण अजून दुखतंय. दुखतंय म्हणून माफ केलं नाही असं नाही."

आज संध्याकाळी तुम्ही नळावर जाल. तिथं कुणाचं नाव निघालं तर एकदा विचारा, तिला कुणी विचारलंय का?

सलाम.